कबुतरखान्यापाशी ठेवलेली खुर्ची

सवय वाईट. ग्रीत चर्चमधून सरळ सासरी आली, मागच्या दाराशी पायपुसण्यावर बूट घासले, आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायच्या आधीच तिच्या तोंडून दर सणाला निघतं ते वाक्य निघून गेलं.

"आई, मला अडचण आहे."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली, पण तोवर गोडेलीव्हने मान हलवलीही होती. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत होता. समोर टोमॅटो पोखरून ठेवलेले, शेजारी उकडलेल्या अंड्यांची परात. सुनेकडे वळून बघायलाही तिला सवड नव्हती. "बरं," ती म्हणाली, "खुर्ची बाहेरच आहे. जाताना करंदी घेऊन जा सोलायला."

बाउवेन्सांच्या घरात हा नियम ग्रीत सून म्हणून येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. पाळी आलेल्या बाईने मेयोनीज फेटलं तर ते फुटतं. नुसती शेजारी उभी राहिली तरी फुटतं. बेल्जियममधल्या डेंडर नदीच्या काठाला ही गोष्ट एके काळी घरोघर मानत. पण बाउवेन्सांचं पडलं फ्रिटांचं दुकान. चौकात, चर्चच्या समोर त्यांची हिरवी टपरी. सासरा ओमेर बटाट्याचे काप दोनदा तळायचा, गोडेलीव्ह त्यांवर स्वतःच्या हातचं मेयोनीज घालायची, आणि अर्धं निनोवे गाव कागदी पुडे हातात धरून उभ्याउभ्या खायचं. अशा घरात मेयोनीज फुटलं तर अब्रू जायची. म्हणून सणावारी मेयोनीजचा तपकिरी वाडगा कपाटातून निघाला, की अडचण असलेल्या बाईने निमूट अंगणात जायचं आणि कबुतरखान्यापाशी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीत बसायचं.

ग्रीतची अडचण दर सणाला यायची. नाताळ, ईस्टर, गावची जत्रा, कुणाचं बारसं, काही म्हणून चुकलं नव्हतं. कारण एवढंच, की ग्रीतला मेयोनीजचा मनापासून तिटकारा होता. ते फेटताना येणारा वास, ती चमक, आणि शेवटी सासूने बोट पुढे करून "चाखून बघ गं" म्हणणं, हे सगळं एका वाक्यात टळायचं. जेवताना तिच्या ताटलीतलं तिचा नवरा ल्युक गुपचूप संपवायचा. लग्नानंतर त्याचं पोट सुटलं ते दोघांच्या वाटचं एकट्याने खाऊन.

आता तोच ल्युक बिअरचं खोकं पोटाशी धरून अंगणात उभा होता आणि बायकोकडे आ वासून बघत होता.

"अगं, काय बोललीस हे?"

"तोंडातून निघालं रे."

"निघालं कसं? आइस्क्रीमच्या वेळी आपण सांगणार आहोत ना? मी भाषण पाठ केलंय! आता उठून काय सांगू, की माझ्या बायकोला तिसरा महिना लागलाय आणि आज सकाळी तिची पाळीही आली?"

"हळू बोल!"

"आईला तूच सांग. मी नाही सांगणार." आणि ल्युक खोकं घेऊन तळघरात पसार झाला. संकटात तळघर गाठायची खोड बाउवेन्स पुरुषांच्या रक्तातच आहे.

कबुतरखान्याच्या शिडीवर ओमेर मान वर करून बसला होता. मे महिन्यातल्या रविवारी तो दुसरीकडे कुठे असणंच शक्य नव्हतं. आज सकाळी नातीच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीलासुद्धा तो चर्चच्या दाराशी उभा राहून अर्धा डोळा आकाशात ठेवून होता. फ्रान्सहून शर्यतीची कबुतरं सोडायची होती, तिकडे धुकं पडलं म्हणून उशिरा सोडली, आणि आता ती केव्हाही येणार होती.

"काय गं, आजही?" तो मान खाली न करता म्हणाला.

"आजही, बाबा."

ओमेर गालातल्या गालात हसला. त्याला सगळं ठाऊक होतं. सून म्हणून आल्यावर पहिल्याच ईस्टरला तिने बशीतलं मेयोनीज कबुतरांच्या दाण्याच्या पिंपामागे ओतताना त्याने पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "तिथे नको, मांजर येतं. जिरेनियमच्या कुंडीत टाक." तेव्हापासून दोघांची गट्टी. घरात ओमेर कुणाशी फारसं बोलायचा नाही. कबुतरांशी बोलायचा, आणि खुर्चीत बसलेल्या ग्रीतशी.

"बाबा, मी फसले." तिने करंदीची डोकी मोडत मोडत सगळं सांगून टाकलं, बाळाचंसुद्धा. ओमेर शिडीवरून खाली उतरला, तिच्यापाशी आला, आणि काय करावं ते न सुचून त्याने तिच्या डोक्यावर टोपी घातली. त्याची स्वतःची, कबुतरांच्या पिसांनी भरलेली.

"जा आणि सांग तिला."

"काय सांगू? की तुमच्या घरात इतकी वर्षं खोटं बोलले? त्या म्हणतात ना, ज्याला मेयोनीज आवडत नाही तो आपला माणूस नव्हे."

"असं ती म्हणते खरी," ओमेर कबूल झाला. "बहिणीच्या नवऱ्याबद्दल, त्या हॉलंडवाल्या पीटबद्दल म्हणते."

"म्हणजे बघा. आता बाळ येणार, त्या आनंदात असणार, आणि मी परकी ठरणार."

ओमेरने पुन्हा आकाशाकडे पाहिलं.

*

आत गोडेलीव्ह थोरल्या सुनेच्या हाताकडे बघत होती आणि ओठ मिटून गप्प होती. गप्प राहणं तिला नवीन होतं.

टपरीची फरशी धुताना ती घसरली त्याला काही आठवडे झाले होते. तेव्हापासून ल्युक कारखान्यातलं तयार मेयोनीज बादलीने आणत होता, आणि गिऱ्हाइकं पुडा परत करताना "गोडेलीव्ह बरी कधी होणार?" एवढंच विचारत होती. त्या विचारण्यातला टोमणा गोडेलीव्हला घरबसल्या कळत होता. मनगट जुळेल, पण पूर्वीचा जोर येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा ठरलं होतं की आज जेवण झाल्यावर वाडगा पुढच्या हातात द्यायचा. हा वाडगा ओमेरच्या आईचा. ती मरेपर्यंत गोडेलीव्हला त्याला हात लावू देत नव्हती.

मोनिकला वाडगा हवा होता. थोरली सून, मास्तरीणबाई म्हणून गावात मान, सगळं होतं, वाडगा नव्हता. लेकीच्या कम्युनियनसाठी ती पहाटेपासून उभी होती. पडदे, टेबलक्लॉथ, व्हीर्लेच्या पांढऱ्या झग्याच्या चुण्या, सगळं तिने एकटीने उरकलं होतं. आता बलकात मोहरी घालून ती फेटत होती आणि दुसऱ्या हाताने तेल सोडत होती. मधेच तेलाची बाटली ठेवून तिने कंबर दाबली, खिडकीतून पाहुण्यांची गाडी आलेली पाहिली, आणि घाईने भसकन तेल ओतलं.

मेयोनीज फुटलं. पिवळ्या पाण्यात गुठळ्या तरंगू लागल्या.

"मोनिक," गोडेलीव्ह हळूच म्हणाली, "अडचण आहे का?"

"नाही!"

"चेहरा पांढराफटक पडलाय तुझा."

"नाही म्हटलं ना आई! अंडी थंड होती." मग मोनिकने हातातला चमचा वाडग्यात टाकला. "कालपासून आहे. पण आजच्या दिवशी मी बाहेर खुर्चीत बसू? माझ्या लेकीच्या दिवशी? वाडगा कुणाला द्यायचा ते तुम्ही आज ठरवणार, आणि मी तिथे कबुतरं मोजत बसू?"

"जा," गोडेलीव्ह म्हणाली. "पाय वर करून बस. जाताना कॉफी घेऊन जा."

मोनिक नाक ओढत, कॉफीचा पेला घेऊन बाहेर गेली. गोडेलीव्ह खिडकीशी आली. बाहेर खुर्चीत धाकटी बसलेली होती, डोक्यावर ओमेरची टोपी. तिला पाहून गोडेलीव्ह नेहमीसारखी मनात सण मोजू लागली. हे कुणाला सांगायचं? दर सणाला. कॅलेंडरावर सण कुठेही पडो, हिची अडचण हजर. कुठल्या बाईचं अंग असं चालतं? पहिली काही वर्षं तिने दुर्लक्ष केलं. मग मूल होईना, तेव्हा तिच्या मनाने घेतलं की पोरीला काहीतरी आजार आहे आणि ती बिचारी तोंडाने बोलत नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गोडेलीव्ह सायकल काढून नदीकाठच्या मारियामातेच्या चॅपेलात जायची आणि धाकटीसाठी मेणबत्ती लावून यायची. प्लॅस्टर घातल्यावर बसने गेली. कुणालाच ठाऊक नव्हतं, ओमेरलाही नाही.

"दोन्ही सुना एकाच दिवशी," ती स्वतःशी पुटपुटली, आणि मग दारातून ओरडली, "आता फेटायचं कुणी? पाहुण्यांना काय कोरडे टोमॅटो घालू?"

*

खुर्ची एकच होती. मोनिक समोर येऊन उभी राहिली तशी ग्रीत उठली.

"बस तू. मी आत जाते."

"तू कशी जाशील? तुलाही..."

"नाहीये मला. मोजण्यात चूक झाली." ग्रीत टोपी काढून ओमेरच्या हातात देऊन निघाली. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या पोरीची कळा होती.

मोनिक खुर्चीत टेकली. वेत तिच्या पाठीखाली कुरकुरला आणि मग छान बसला. कुणी हाक मारत नव्हतं. ऊन कोवळं होतं, कबुतरं घुमत होती, कॉफी गरम होती. सासऱ्याने काही न बोलता एक पिंप ओढून तिच्या पायांखाली सरकवलं. बारा जणांचा स्वयंपाक दहा पावलांवर चालला होता आणि आपण इथे बसलोय, हे मोनिकला लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं, कारण सणाच्या दिवशी आपली अडचण ती नेहमी लपवत आली होती. अशाही वेळी तिच्या हातचं मेयोनीज आजवर एकदाही फुटलं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं. आणि मग दुसरं काहीतरी आठवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ग्रीत दर सणाला इथे असते ना हो? अगदी दर सणाला?"

ओमेर आकाशाकडे बघत राहिला. "आज वारा उलटा आहे," तो म्हणाला.

*

आत ग्रीतने श्वास रोखून फेटायला घेतलं. एक बलक, मोहरी, शिरक्याचे थेंब, मग तेल. सासू कानाशी सांगत होती, "बारीक धार. आणखी बारीक. दिशा बदलू नकोस." ग्रीत वाडग्याकडे बघतच नव्हती. बघितलं असतं तर तिथेच ओकली असती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि हात आपला फिरत होता. तिला नन्सच्या वसतिगृहातला शुक्रवार आठवत होता: थंड मासा, त्यावर जाड पिवळा थर, थरावर साय आलेली, आणि सिस्टर म्हणायची, ताटली पुसून खा. खाली काय आहे ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. कधी मासा ताजा असायचा, कधी नसायचा. तेव्हापासून वरून झाकलेलं काहीच तिच्या घशाखाली उतरत नसे.

"अगं बाई!" गोडेलीव्ह म्हणाली.

ग्रीतने खाली पाहिलं. वाडग्यात मेयोनीज घट्ट, गुळगुळीत, फिकट सोनेरी उभं होतं. लाकडी चमचा मधोमध रोवला होता तो तसाच ताठ उभा राहिला. गोडेलीव्हच्या हातचंसुद्धा रोज असं जमत नसे.

"इतकी वर्षं कुठे लपवला होतास हा हात? मीठ चाखून घातलंस ना?"

"हो," ग्रीत म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे पळाली.

*

अंगणात चेरीच्या झाडाखाली टेबलं जोडली होती. टोमॅटोत करंदी भरून, वर मेयोनीजचा गोळा, सामन माशाच्या कापांवर मेयोनीजच्या लाटा. गोडेलीव्हची बहीण इर्मा आणि तिचा नवरा पीट खास हॉलंडातल्या झीलंडहून आले होते, आणि पीटने घास घेता घेताच तोंड उघडलं.

"छान आहे. आमच्याकडे ह्यात थोडी साखर घालतात."

टेबलाभर कण्हल्यासारखा आवाज उमटला.

"पीट," मोनिकचा नवरा विलफ्रीड म्हणाला, "आज माझ्या लेकीचं कम्युनियन आहे. असलं काही तिच्यासमोर बोलू नका."

"अरे, गोड जरा..."

"साखर कॉफीत घालतात पीट, अंड्यात नव्हे," इर्मानेच नवऱ्याला गप्प केलं. तिचं लग्न होऊन जन्म गेला होता, पण ह्या एका बाबतीत ती अजून माहेरचीच होती.

विलफ्रीड मास्तर, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं. "मेयोनीज आवडणं न आवडणं हा चवीचा प्रश्नच नाही," तो काटा हलवत म्हणाला. "तेल आणि पाणी ही जन्माची वैरी. अंडं मधे पडतं आणि दोघांना एकत्र नांदवतं. ज्यांना मधे पडणारी माणसं आवडत नाहीत, त्यांना मेयोनीज आवडत नाही."

"विलफ्रीड, जेव," गोडेलीव्ह म्हणाली. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. तिने नुकताच पहिला घास घेतला होता आणि ती जिभेवर काहीतरी शोधत होती. मग तिने चमचा खाली ठेवला आणि धाकट्या सुनेकडे पाहिलं.

मीठ नव्हतं. चाखलं असतं तर सात वर्षांच्या पोरालाही कळलं असतं.

ती काही बोलणार तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून बारीक आवाज आला.

"मेमे, मला हे नको."

व्हीर्ले पांढऱ्या झग्यात, डोक्यावर फुलांचं कडं घालून बसली होती. टोमॅटो तिने ताटलीच्या कडेला ढकलला होता.

"नको म्हणजे?" आजीने विचारलं.

"ते हलतं. माझ्याकडे बघतं."

"मेयोनीज कुणाकडे बघत नाही. खा."

"मला आवडत नाही!"

"व्हीर्ले!" मोनिक दबक्या आवाजात ओरडली. "आज तरी असं करू नकोस. एक घास."

"तुझे आजीआजोबा फ्रिट विकतात," गोडेलीव्ह म्हणाली, "तुझे खापरपणजोबा फ्रिट विकत होते. बाउवेन्सांच्या पोरीने मेयोनीज नको म्हणायचं? उद्या गाव हसेल. तोंड उघड."

पोरीचे डोळे भरले. तिने तोंड घट्ट मिटलं, आणि एक टपोरा थेंब झग्यावर पडला. ग्रीतला तो बघवेना. तिला ती साय आठवली, आणि ताटली पुसून खा म्हणणारी सिस्टर.

"राहू दे तिला, आई," ती उठून म्हणाली. "मलाही नाही आवडत."

काटे थांबले. ल्युकने डोळे मिटून घेतले.

"काय नाही आवडत?" गोडेलीव्हने विचारलं.

"मेयोनीज. कधीच नाही आवडलं. आज मी चाखलं नाही, मला चाखवत नाही. माझ्या ताटलीतलं आजवर ल्युक खात आला."

"म्हणजे ती खुर्ची!" मोनिक टेबलावर हात आपटून उभी राहिली. "दर सणाला! मी मघाशीच म्हटलं! मी इथे कंबरेचा काटा ढिला होईस्तोवर राबत होते आणि ही बाहेर उन्हात..."

"मोनिक, माझं चुकलं गं."

"अडचण नसताना अडचण!" मोनिकचा आवाज चढला. "आणि मी अडचण असताना नाही म्हणून सांगत होते!"

गोडेलीव्ह उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता, प्लॅस्टरचा हात झोळीतून बाहेर आला होता, छाती भरून आली होती. टपरीच्या रांगेतली माणसं ह्या आवेशाला ओळखून होती. आता जे येणार ते चर्चच्या घंटेपर्यंत ऐकू जाणार. तिने तोंड उघडलं.

"श्श्!" ओमेर म्हणाला.

तो खुर्चीवरून अर्धवट उठला होता आणि त्याचा हात वर होता. चर्चच्या शिखरावरून एक ठिपका सरळ खाली येत होता.

आमच्या गावात कबूतर उतरताना बोलत नाहीत. शर्यतीचं कबूतर छपरावर बसलं म्हणून पोचलं असं होत नाही. ते आत शिरलं पाहिजे, पायातली रबरी कडी निघून वेळ नोंदणाऱ्या घड्याळात पडली पाहिजे. माणसांचा आवाज झाला तर ते तास तास छपरावर बसतं. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. सगळे होते तसे थिजले. गोडेलीव्हचं तोंड उघडंच राहिलं. मोनिकचा हात हवेत. पीटने अर्धा चावलेला घास गालात धरला.

कबूतर छपरावर उतरलं. निळसर मादी, ओमेरची लाडकी. तिने पंख झटकले, मान वाकडी करून खाली टेबलाकडे पाहिलं, आणि आत जायचं नाव घेईना.

गोडेलीव्ह उभीच राहिली. ओरडायचं सगळं घशाशी आलं होतं आणि बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून तिला विचार करावा लागला. आधी तिला राग आठवला: इतक्या मेणबत्त्या! बसचे धक्के! खोट्या आजारासाठी! मग तो राग धरून ठेवता ठेवता तिच्या हे ध्यानात आलं, की आजार खोटा, म्हणजे पोरगी आजारी नाही. कधीच नव्हती. धडधाकट आहे. समोर उभी आहे, ओठ चावत, पाठीवर हात ठेवून. असा हात पाठीवर बायका कधी ठेवतात, ते दोन पोरांच्या आईला काय सांगायचं? मघाशी न्हाणीघराकडे पळाली. सामनला हात लावला नाही. वाइनचा पेला भरलेलाच.

गोडेलीव्हचं उघडं तोंड आपोआप मिटलं. डोळे मात्र भरून आले आणि ते पुसायला तिला हातही हलवता येईना, कारण कबूतर बघत होतं.

अखेर मादीने एक उडी मारली, दुसरी मारली, आणि सुळकन आत शिरली. ओमेर तिच्यामागे धावला; आतून त्याची धडपड ऐकू आली आणि मग घड्याळाचा खाडकन आवाज.

"झालं!" तो आतून ओरडला. "बोला आता!"

"कितवा महिना?" गोडेलीव्हने विचारलं.

ल्युक ताडकन उठला. "प्रिय आईबाबा, जमलेले नातेवाईक, आज ह्या मंगल दिवशी..."

"तू बस. मी तिला विचारतेय."

"तिसरा," ग्रीत म्हणाली आणि रडायलाच लागली. "आई, मी तुम्हाला फसवलं."

"फसवलंस. आणि मी तुझ्यासाठी महिन्याच्या महिन्याला मारियामातेपुढे मेणबत्त्या लावत होते. म्हटलं, पोरीला काय रोग आहे कोण जाणे." गोडेलीव्ह डाव्या हाताने नाक पुसत हसायला लागली. "ती माता वर काय म्हणत असेल गं! म्हणत असेल, ही बाई कशासाठी येते? तिची सून तर अंगणात बसून करंदी सोलतेय!"

ओमेर कबुतरखान्याच्या दारात उभा होता. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपली बायको बाजारात जाते असं तो समजत होता. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"पण नियम मोडला तो मोडलाच," मोनिक अजून धुमसत होती. "मी आज आत होते म्हणून मेयोनीज फुटलं. ही मात्र..."

"फुटलं कारण तू गाडी बघून भसकन तेल ओतलंस," गोडेलीव्ह म्हणाली. "मोनिक, बाळा, टपरी आठवड्यातले सहा दिवस उघडी असते. सासू गेल्यापासून मी रोज फेटत आलेय. महिन्यातले सगळे दिवस. कधी फुटलं?"

मोनिक बघत राहिली. विलफ्रीड बघत राहिला. इतकी वर्षं रोजचं मेयोनीज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि हा साधा हिशेब ह्या घरात कुणी घातला नव्हता, मास्तरानेही नाही.

"मग तो नियम..."

"माझी सासू मला बसू द्यायची नाही. ताप असला तरी नाही. फक्त ह्या कारणाने बसू द्यायची, कारण मेयोनीज फुटायला ती भ्यायची. महिन्यातून तेवढं एक निमित्त. ती गेली, तेव्हा मी वाडगा ठेवला आणि खुर्चीही ठेवली. असला नियम कोण मोडेल गं?"

"मग मघाशी मला बाहेर का काढलंत?"

"पहाटेपासून उभी होतीस. कंबर दाबत होतीस. नुसतं बस म्हटलं असतं तर बसली असतीस?"

मोनिक खाली बसली. मग तिने टेबलावरून हात लांबवून ग्रीतचा हात धरला, जरा जोरातच. "पाजी आहेस," ती म्हणाली. "मलाही सांगायचंस ना."

पीट एवढा वेळ खातच होता, त्यामुळे वाडगा रिकामा झाला. टोमॅटो उरले होते.

"ल्युक, विलफ्रीड, उठा," गोडेलीव्ह म्हणाली. "वाडगा घ्या आणि आत जा. आजपासून तो तुमचा."

"आमचा?" ल्युक म्हणाला. "आई, पण ते बायकांचं..."

"बादलीतलं आणून गिऱ्हाइकांना घालताना बायका आठवल्या नाहीत ना? जा."

दोघे भाऊ आत गेले. बराच वेळ चमच्याचा खडखडाट, "धार बारीक धर रे", "दिशा बदलू नकोस, गाढवा", असं ऐकू येत राहिलं. मग एकदम शांतता. खिडकीत दोन चेहरे आले.

"आई," विलफ्रीड म्हणाला, "फुटलं."

गोडेलीव्हने मुलांकडे प्रेमाने पाहिलं. "काय रे पोरांनो," तिने सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अडचण आहे का?"

इर्मा टेबलावर डोकं ठेवून हसली. मोनिक हसता हसता लेकीच्या झग्याला डोळे पुसायला लागली. शेजारच्या कुंपणापलीकडूनही कुणीतरी हसलं.

"टाकू नका ते!" गोडेलीव्ह ओरडली. "नवं अंडं घ्या, आणि फुटलेलं त्यात थेंब थेंब घाला. येतं परत. आणि चाखून बघा!"

ओमेरने बटाट्याचे काप तळून आणले, नुसते, वर मीठ. एक पुडा व्हीर्लेसमोर ठेवला, एक ग्रीतसमोर. इतक्या वर्षांत सासरच्या टेबलावर स्वतःच्या वाटचं सगळं ग्रीतने पहिल्यांदाच संपवलं. मग गोडेलीव्हने तिला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीत नेऊन बसवलं. स्वतः ती पिंपावर बसली.

"आता मात्र काळजी वाटते," ती म्हणाली. "इतक्या मेणबत्त्या लागल्यात, जुळी झाली नाहीत म्हणजे मिळवली."

ग्रीत हसली, आणि मग हसू ओसरल्यावर तिने दुपारभर मनात ठेवलेलं विचारलं.

"आई, आणि त्यालाही मेयोनीज आवडलं नाही तर?"

गोडेलीव्हने घराकडे पाहिलं. आत पुन्हा चमच्याचा खडखडाट सुरू झाला होता.

"तर ओमेरला सांगू," ती म्हणाली, "इथे आणखी एक खुर्ची ठेव."